डाळ मिलचा धूर अन् दुपारचा चोर

पयले शर्त लावा, मंग ऐका. या सगळ्याच्या शेवटी किंमत कोणाले मोजा लागली, हे ज्यानं मधातच ओळखलं त्याले माझ्याकडून पोह्याची प्लेट, वरतून तर्री. आजपर्यंत कोणाले ओळखता आलं नाई. सलीमभाईले बी नाई, अन् तो तं तिथंच उभा होता!

डाळ मिलमधे कसं हाय, संध्याकाळी कितीबी झाडा, सकाळी पाय टाकला की पुन्हा भुशी. किश्शाचं बी तसंच. एक झटकला की दुसरा आंगावर येऊन बसते. मी बत्तीस वर्षं झाले पोते झटकून राहिलो, म्हणून माझ्या आंगावर सगळ्यात जास्त!

मी सुखदेव. मूळचा बार्शीटाकळीचा, आता अकोल्याचा. मिलमधे सगळे मामा म्हणतेत. माझं काम बारदान्याचं. पोते झटकाचे, फाटले तं शिवाचे, थप्पी माराची. मालक म्हणजे भाऊ. मनानं लोणी, तोंडानं तोफ. त्यायची पोरगी स्नेहा. पुण्याले इंजिनिअर झाली, तिथंच नोकरीले लागली, अन् दिवाळीत घरी आली तं म्हणे, मी मिल पाहतो. मशीनवर सलीमभाई मिस्त्री, बायायमधे शांताबाई. झालं. एवढेच ध्यानात ठेवा, बाकीच्यायले मी बी विसरतो.

* * *

बंगलोरच्या एका कंपनीचा कागद आला. आपली तूर डाळ घेऊन ते त्यायच्या पाकिटात विकणार होते. तीन सालाचं काम! पण कागदात विचारलं, तुमची मिल वर्षाले किती कार्बन सोडते? अन् कमी कराले काय करून राहिले?

भाऊले रागच आला. "आमी काय सोडतो? चाळीस वर्षं झाले, एक खराब पोतं नाई सोडलं बाजारात!"

आता भाऊले सवय सरकारी कागदाची. कोण्या बी ऑफिसचा फारम असो, जो खाना समजला नाई त्याच्यात 'निरंक' लिवाचं अन् शिक्का हाणाचा. त्या कागदात सतरा खाने. सतराई खान्यात भाऊनं मोत्यासारख्या अक्षरात लिवलं, निरंक. खाली सही. सहीवर शिक्का.

चार दिवसानं तिकून एका बाईचा फोन. लय अदबीनं बोले. "सर, आपका कार्बन बिलकुल झीरो है? ऐसा हमने कहीं नहीं देखा. आपने कैसे किया, हमें भी सिखाइए."

भाऊची कॉलर टाइट! फोन ठेवून आमाले म्हणते, "पाहा लेको! बंगलोरवाले शिकाले येऊन राहिले आपल्याकडं!"

स्नेहानं कागदाची कॉपी पाह्यली अन् कपाळाले हात लावला. "बाबा, सोबत मिलचा फोटो जोडलाय ना?"

"हाव. मस्त जोडला. कलरमधला."

"त्या फोटोत चिमणीतून धूर निघून राहिलाय, बाबा. काळा!"

त्या दिवशी बापलेकीचं लय वाजलं. शेवटी भाऊ म्हणे, "एक उन्हाळा देतो तुले. मे महिन्यात त्यायचा माणूस तपासाले येईन. पास झाली तं मिल तुही, मी नातू खेळवत बसतो. नाई झाली तं मी मिलचं गोडाऊन करतो, भाड्यानं देतो, अन् तू आपली बॅग भर अन् पुण्याले जाय."

नातू अजून व्हाचाच होता. पोरीचं लग्न बी व्हाचं होतं. पण बॅगची गोष्ट भाऊ खरी बोलले होते, ते आमच्या सगळ्यायच्या ध्यानात आलं. मिलचं गोडाऊन झालं तं माझं काय, सलीमभाईचं काय, अन् कामावरच्या बायायचं काय?

* * *

स्नेहानं सगळ्यायले एक-एक वही देली. "सात दिवस, मिलमध्ये जे जे जळतं अन् जे जे विजेवर चालतं, ते लिहा. आधी मोजू, मग कमी करू. न मोजता काही कमी होत नाही, मामा."

मी म्हटलं, "विजेचं काहून लिवाचं? वीज कुठं धूर सोडते?"

"इथं नाही सोडत. आपण इथं बटन दाबलं की तिकडं पारसच्या वीज केंद्रात कोळसा जळतो."

मले सही करता येते, बाकी लिवणं म्हणजे आंगावर काटा. म्हणून म्या चित्रं काढले. भट्टीचं काढलं, चहाच्या शेगडीचं काढलं, देवापुढच्या दोन उदबत्त्या काढल्या. सलीमभाईच्या बिड्या रोजच्या चौदा, त्या बी रेघा मारून मांडल्या. सलीमभाई म्हणे, "मामू, मेरी बीवी को मत दिखाना ये किताब!"

आठव्या दिवशी स्नेहा सगळ्यायपुढं वह्या वाचाले बसली. भाऊ खुर्चीवर. माझी वही आली.

"मामा, हे म्हशीचं चित्र काय आहे? मिलमध्ये म्हैस कुठे आहे?"

"म्हैस नाई वं. भाऊची गाडी हाय."

"मग तिच्या मागून काय पडून राहिलंय?"

"तेच तं तू मोजाले लावलं होतं!"

सगळी मिल हासली, भाऊ सोडून. पण पोरगी हुशार. तिनं बरोबर पकडलं. भाऊचं घर मिलपासून अडीच किलोमीटर, मधात रेल्वेचा पूल. तेवढ्यासाठी डिझेलची मोठी गाडी. बरं, येऊन बंद कराची ना? नाई! दहा ते एक ते गाडी गेटवर चालू उभी. काहून? तं भाऊ बाहीर निघाले की सीट थंडगार पाह्यजे!

"बाबा, मामा तुमच्या मागच्या गल्लीतून येतात. सायकलवर. रोज. तुम्हाला काय होतं?"

"मी मालक हाय!" भाऊ उठूनच उभे राहिले. "मालक सायकलवर दिसला तं बाजारात बोंब होईन, मिल बुडाली म्हणून!"

* * *

आमच्यात तुरीले तेल-पाणी लावून वाळवा लागते, मंग भरडली की डाळ नीट फुटते. आदी हे काम मिलमागच्या उघड्या ओट्यावर, उन्हात होये. मंग भाऊनं लाकडाची भट्टी बसवली, अन् ओट्यावर भंगार येऊन पडलं.

स्नेहानं एका कंपनीवाल्याले बोलावलं. टाय लावलेला पोट्टा, लॅपटॉप घेऊन आला. सोलर ड्रायर. वीस मिनिटं चित्रं दाखवले. काच, पाइप, पंखे, निळे बाण, लाल बाण. भाऊ माना हालवून राहिले, मी बी माना हालवून राहिलो. दोघायलेई काई समजून नाई राहिलं.

शांताबाई चहा घेऊन आली ते तिथंच थांबली. "दादा, याच्यात तूर वाळवते कोण?"

"सूर्य, मावशी! सूर्याची ऊर्जा!"

"तं मंग हा डबा काहून मधात?"

पोट्ट्यानं चहा घेतला अन् लॅपटॉप बंद केला.

दुसऱ्या दिवसापासून ओटा साफ. बाया पायानं तूर फिरवाले लागल्या, जशा शांताबाई जवान होती तेव्हा फिरवत. अकोल्याचं ऊन! भट्टीले दोन दिवस लागे ते काम ओट्यावर चौथ्या दिवशी, पण लाकूड एक नाई. स्नेहानं ठरवलं, उन्हाळाभर भट्टी बंद, पावसाळ्यात तेवढी पेटवाची. चिमणी थंडी पडली.

अन् एप्रिलमधे एका दुपारी आभाळ काळंभोर!

अख्खी मिल ओट्याकडं पळाली. भाऊ बी पळाले, पांढऱ्या कपड्यात. ताडपत्रीचं एक टोक धरलं अन् पाय टाकला तुरीवर. तेल लावलेली तूर! भाऊ उभेच्या उभे घसरले, ओट्याच्या या टोकावून थेट त्या टोकाले, ताडपत्री हातात तशीच. पडले ते भिंतीपाशी. पण ताडपत्री कशी पसरली म्हणता! एक सुरकुती नाई. अख्खी तूर झाकल्या गेली.

भाऊ गुडघा धरून बोंबलून राहिले. शांताबाई तिकून वरडली, "भाऊ, आणखीन एक ताडपत्री हाय! आता इकून या!"

तूर वाचली. भाऊचा गुडघा मातर तवापासून लचकला तो लचकलाच.

* * *

हा एक लहान. दर्यापूरहून तूर घेऊन येणारा टेम्पो जाताना रिकामा जाये. स्नेहा त्याच्या डायवरले म्हणे, "रिकामं डिझेल जाळू नको. परत जाताना काहीतरी भरून नेत जा." तिच्या मनात ढोराले घालाची डाळीची चुनी होती, तिकडं दुधवाल्यायले लागते ते.

दुसऱ्या दिवशी डायवर खुशीत आला. "ताई, तुमच्या शब्दाबाहीर नाई गेलो. काल रिकामा नाई गेलो."

"शाब्बास! काय नेलं?"

"अठरा सीट! स्टँडवर एस.टी. नवती ना!"

* * *

मिलच्या टिनात मधामधात उजेडासाठी पारदर्शी पत्रे बसवले हायेत. बसवले हायेत हे आमी विसरूनच गेलो होतो. वरतून भुशीचा इतका थर, की भर दुपारी खाली बारा ट्यूबलाइट चालू. स्नेहानं मले अन् सलीमभाईले बादल्या देऊन वर चढवलं.

पत्रे धुतले अन् मिलमधे उजेड पडला, बाप्पा! बाया डोळ्यावर हात घेऊन बाहीर आल्या. आमी समजत होतो भिंत काळी हाय. हिरवी निघाली. सलीमभाईचा सात वर्षं हरवलेला पाना खुंटीवर लटकून होता, ठेवला होता तिथंच.

मी खाली उतरलो, सलीमभाई अजून वरतंच, तेवढ्यात भाऊ आले. त्यायची रीत अशी, रोज आल्याबरोबर वजनकाट्यामागच्या भिंतीवर मोठ्या शेटजीच्या फोटोले, म्हणजे त्यायच्या बापाले, हात जोडाचे, मंगच खुर्चीवर बसाचं. हात जोडले. वर पाह्यलं. जोडलेले हात तसेच राहिले.

भिंतीवर खताच्या कंपनीचं कॅलेंडर! फेटेवाला माणूस, खांद्यावर खताचं पोतं, दात काढून हासून राहिला!

"सुखदेवा!" अख्खी मिल हालली. "माहा बाप कुठं हाय?"

आता झालं असं होतं की फोटोची काच फुटली होती. म्या उतरवला दुरुस्तीले. भिंत उघडी दिसे, म्हणून तेवढ्यापुरतं कॅलेंडर टांगलं. अंधारात भाऊनं हात जोडले, मले हासू आलं. म्हटलं, उद्या सांगू. त्या उद्याले पाच वर्षं झाले.

"बारदान्यात हायेत भाऊ. काच बसवून आणली होती. पाच वर्षं झाले माझ्याच जवळ बसतेत. रोज पुसतो मी त्यायले."

भाऊ मारतेत का काय, असं झालं. तं सलीमभाई वरतून, पत्र्यावरून म्हणे, "सेठ, गुस्सा काय को? दुआ तो कबूल हुई ना! इसी पाँच साल में धंदा बढ़ा!"

मोठे शेटजी परत भिंतीवर गेले. पण भाऊनं कॅलेंडर बी काढू नाई देलं. म्हणे, "राहू दे बाजूले. रिस्क नाई घ्याची."

* * *

लाकूड कमी झालं, ट्यूबा बंद झाल्या. तपासणीले आठ दिवस राहिले. अन् स्नेहाची गाडी एका जागी अडली.

दुपारी एक ते दोन मिल बंद राह्यते. सगळे जेवाले. सगळे बटनं बंद. तरी बी मीटर पळून राहिलं! रोज! तिनं कागद दाखवला मले. बाकी सगळं हिशोबात बसून राहिलं होतं, हा दुपारचा एक घंटा अन् रात्रीची मिल बंद असतानाची वीज, एवढंच कंपनीच्या आकड्यापेक्षा जास्त येऊन राहिलं होतं.

मिल बंद असताना चालू राहे ते एकच, मागच्या खोलीतलं कंप्रेसर. आमचं सॉर्टेक्स, म्हणजे डाळीतला काळा दाणा उडवाचं मशीन, ते दाबाच्या हवेवर चालते. कंप्रेसर ते हवा टाकीत भरते. टाकी भरली की आपोआप बंद, हवा उतरली की आपोआप चालू.

"पण मशीन बंद असताना हवा उतरते कशी, सलीमभाई?"

"बेटा, पुराना है. उसकी आदत है. नया लेना पड़ेगा."

नवं घ्याले आठ दिवसात ना वेळ होता, ना भाऊची तयारी. स्नेहा भाऊले म्हणे, "मग निदान तुमची गाडी तरी बंद करा, बाबा. तेवढं तरी भरून निघेल."

भाऊचा गुडघा दुखून राहिला होता, डोकं तापलं होतं. अख्ख्या मिलपुढं टेबलावर हात आपटला. "पयले तो दुपारचा चोर पकड! चोर पकडला तं मी सायकलवर येतो मिलमधे! सहा महिने! हे मोठ्या शेटजीच्या फोटोपुढं सांगतो!"

बाजूच्या कॅलेंडरनं बी ऐकलं.

त्या दिवशी जेवाच्या सुट्टीत पोरगी माझ्या पोत्यायपाशी येऊन उभी राहिली. डोळे लाल. "मामा, बॅग भरायला घेते मी. एवढ्याशा विजेपायी सगळं गेलं."

म्या हातातला घास डब्यात ठेवला.

आता तुमाले सांगतो, कोणाले सांगू नका. अकोल्यात मे महिन्यात टिनाखाली बसून पोते झटकाचे म्हणजे माणूस पापड होते. माझ्या डोक्यावरून तो हवेचा पाइप जाते. लय वर्षापयले म्या त्याच्या सांध्याचा नट अर्धा फेरा ढिला केला होता. अर्धाच! तिकून मानेवर असा थंडगार फवारा येये, फुर्रर्र! मी म्हणो, हवाच तं हाय. हवेचं काय जाते?

आता एकीकडं मानेवरचा वारा. दुसरीकडं पोरीची बॅग. याच पोरीले म्या याच मिलच्या पटांगणात माझ्या सायकलवर सायकल शिकवली होती. अन् खरं सांगू? तिसरीकडं सायकलवरचे भाऊ! बत्तीस वर्षांत तसं दर्शन नवतं झालं.

मी म्हटलं, "स्नेहा, तू लहान होती तवा उन्हाळ्याच्या सुट्टीत मिलमधे कुठं झोपत होती?"

"इथंच. तुमच्या पोत्यांवर."

"घरी कूलर होता ना? मंग इथं काहून येये?"

"इथं छान गार..." अन् बोलता बोलता थांबली.

"झोप जरा," म्हटलं. "थकली तू."

पोरगी पोत्यायवर आडवी झाली. केस उडाले लागले. तिनं डोळे उघडून वर पाह्यलं. मंग माझ्याकडं पाह्यलं. मी डब्यातली चटणी पाहून राहिलो होतो.

"मामाऽऽ!"

मंग काय विचारता! घरून माझा दाढीचा ब्रश आणवला, साबणाचा फेस केला, अन् अख्ख्या पाइपाले फासत चालली. जिथं फुगा येईन तिथं हवा जाते. पयला फुगा माझ्यावरचा. दुसरा फुगा शांताबाई जेवाले बसे तिथं! शांताबाई म्हणे, "मले वाटलं मलेच ठाऊक हाय!" तिसरा सलीमभाईच्या टेबलावर. "बेटा, गर्मी बहुत होती है." असे मोजून अकरा निघाले. जो तो समजून राहिला होता की भोक फक्त आपलंच हाय!

अकरावा फुगा कुठं आला? भाऊच्या केबिनमधे. टेबलाखाली. बरोबर पायापाशी.

"ते... ते धूळ उडवाले हाय," भाऊ म्हणे.

सलीमभाईनं अकराई नट कसले. दुसऱ्या दिवशी जेवाच्या सुट्टीत कंप्रेसर चूप. मीटर चूप. टिनावर कबुतरं चालून राहिले ते खाली ऐकू येये. अन् आमी सगळे घामानं थबथब, डब्याच्या झाकणानं वारा घेऊन राहिलो.

"भाऊ, सायकल?" मी विचारलं.

"पयले पास तं होऊ दे!" भाऊ म्हणे.

* * *

तपासणीची बाई अमरावतीले उतरली होती. भाऊनं विचार केला, पाव्हण्याले गावात फिरवा लागन. म्हणून सकाळी नवापासून गाडी गेटवर उभी, चालू, एसी फुल. स्वतः हार घेऊन बाजूले, लचकलेल्या पायावर.

बाई आली बसनं. स्टँडवरून ऑटोनं, अन् गेटपासून पायी. हार घालून घेतला, मंग गाडीकडं पाहून म्हणे, "ये गाड़ी किसकी है? और चालू क्यों है?"

भाऊ अभिमानानं म्हणे, "आपके लिए, मॅडम! कब से चालू है! सीट एकदम थंडा!"

स्नेहानं डोळेच मिटले. बाईनं वही काढली. पेन काढला. आता गेलं सगळं! भाऊच्या बी ध्यानात आलं. पोरीचा उतरलेला चेहरा त्यायनं पाह्यला, अन् तो माणूस आयुष्यात पयल्यांदा पब्लिकमधे हारला.

"मॅडम, आज लास्ट दिन है गाड़ी का!" भाऊ म्हणे. "कल से मैं सायकल पे आऊँगा. छह महिना. लिख लो!"

बाईनं लिवून घेतलं. मंग ओटा पाह्यला, थंडी भट्टी पाह्यली, मीटर पाह्यलं. माझ्यापाशी आली तं विचारते, "काका, आपने क्या किया कंपनी के लिए?"

मी म्हटलं, "पयले एक नट ढिला केला, मंग कसला."

ते बी तिनं लिवून घेतलं.

संध्याकाळी पास! तीन सालाचं काम पक्कं. स्नेहानं बॅगमधले कपडे काढून पुन्हा अलमारीत लावले, असं तिची माय सांगे. पण पासच्या कागदाच्या खाली एक ओळ होती, स्नेहानं वाचून दाखवली. मालक स्वतः सायकलनं येणार, अन् कंपनीवाले मधामधात फोन करून विचारत राह्यतीन.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी काय सांगू! पावणेदहापासून मिलच्या गेटवर गर्दी. शांताबाईनं आरतीचं ताट आणलं. सलीमभाईनं मोबाइल चार्ज करून आणला. बाजूच्या दोन मिलचे हमाल बी येऊन उभे. मी तं गर्दीच्या आदीच, नवालेच घरून निघून राहिलो होतो, समोरची जागा धराले. आदल्या रात्रीच सायकल पुसून, हवा भरून ठेवली होती.

तेवढ्यात स्नेहाचा फोन. "मामा, निघाले का? थांबा. बाबांनी तुम्हाला घरी बोलावलंय."

"मले काहून?"

"बाबांकडे सायकल कुठे आहे? तुमचीच घेऊन या."

मी म्हटलं, घ्या! सायकल गेली, आता पायी जा लागन. पण मनात खुशी होती. भाऊले सीटवर बसवाचं भाग्य माझंच! मागच्या गल्लीतून निघालो, घंटी वाजवत भाऊच्या दारात गेलो.

भाऊ तयार. पांढरे कपडे, गॉगल, हातात उशी.

"भाऊ, हे उशी कायले?"

"गुडघा वाकत नाई ना माहा," भाऊ म्हणे. अन् माझ्या सायकलच्या कॅरिअरवर उशी ठेवली, तिच्यावर बसले, अन् माझा शर्ट मागून घट्ट धरला. "चाला मामा. दहाच्या आत पोचा लागते."

मी स्नेहाकडं पाह्यलं. पोरगी दारात उभी, पदराआड नाई, चांगली तोंड उघडून हासून राहिली. तिले सायकल शिकवली होती म्या!

मे महिना. पूल चढाचा. मधात एक बी झाड नाई. निम्म्या चढावर मागून आवाज आला,

"मामा, जरा जोरात हाणा ना. वारा नाई लागून राहिला!"

भाऊचं वजन ब्याण्णव किलो. जाताना एक डाव, येताना एक डाव. सहा महिने.